जाळीकाम, दिवा आणि भिंग

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली. समाजाचा इतिहास म्हटला की वंशावळी, देवस्थाने आणि सभांचे ठराव यांचीच आठवण प्रथम होते. ते लिहिणारे आमच्याहून अधिक विद्वान लोक आपल्यात आहेत. आम्ही जन्माने सुतार आणि पेशाने शाळामास्तर. तेव्हा ज्या दोन सेवकांच्या आधारावर आपल्या पूर्वजांची नाजूक कारागिरी उभी होती, आणि ज्यांचा उल्लेख कोणत्याही बखरीत नाही, त्या प्रकाश व भिंग यांची हकीकत येथे सांगावी असे आम्ही योजिले आहे.

नागपुरात भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकामाचा मोठा साज होता. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ साली राज्य खालसा झाले, आणि १८६४ साली तो राजवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. मागे उरला तो महाद्वाराचा भाग. दगड जळत नाही, लाकूड जळते. म्हणून त्या आगीत राजाच्या वैभवापेक्षा आपल्या पूर्वजांच्या हातांचे वैभव अधिक गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. महाल भागातील जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि गवाक्षांच्या जाळ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस गेलेल्या कामाची थोडीफार कल्पना करता येईल.

ही कामे झाली कशी, हा प्रश्न आम्ही लहानपणी घरातील वृद्धांस विचारीत असू. उत्तर साधे असे: सूर्याच्या मर्जीने. बारीक काम सकाळी आणि उतरत्या दुपारी करावयाचे, कारण तेव्हा किरण तिरपे येतात. डोक्यावरच्या उन्हात कोरलेली वेल सपाट दिसते. तिरप्या उजेडात तिच्या प्रत्येक पानाची सावली पडते आणि पटाशी किती खोल गेली हे डोळ्यास कळते. आतल्या कामासाठी सुतार उत्तरेकडील दाराशी किंवा खिडकीशी बसे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही आणि डोळ्यांवर येत नाही. उजव्या हाताने काम करणारा उजेड डाव्या अंगाने घेई, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली रेघेवर पडू नये. जाळी तपासावयाची झाली तर ती उभी करून उजेडाच्या आड धरीत. कोठे कणभर लाकूड राहिले असेल तर ते ताबडतोब दिसे. हे सर्व शास्त्र होते; मात्र त्यास कोणी शास्त्र म्हटले नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी. समई आणि पणतीच्या उजेडात रंधा चालेल, जाळी चालत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले, चिमणी आणि कंदील आले; पण कंदिलाचा उजेडही पिवळा आणि हलता. युरोपातील चांभार आणि लेस विणणाऱ्या स्त्रिया यांनी याच अडचणीवर एक युक्ती काढली होती. काचेचा गोल चंबू पाण्याने भरून तो मेणबत्तीपुढे ठेवीत. पाण्याचा तो गोळा भिंगाप्रमाणे उजेड गोळा करून नेमका कामावर टाकी. एका मेणबत्तीभोवती असे अनेक चंबू मांडून अनेक जणी काम करीत. दिवा मोठा करण्यापेक्षा उजेड योग्य जागी नेणे अधिक महत्त्वाचे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या नागपूरकरांची विशेष अडचण पोळ्याची. तान्ह्या पोळ्याचा सण परंपरेने दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या नावाशी जोडला जातो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरची मुले लाकडी नंदी सजवून मिरवितात. या नंदीची शिंगे, वशिंड, गळ्यातील घुंगुरमाळ आणि पाठीवरची झूल कोरण्याचे काम कित्येक पिढ्या आपल्या घरांत चालत आले. परंतु सण येतो श्रावणी अमावस्येस. म्हणजे वर्षातील सर्वांत नाजूक कामाची गर्दी नेमकी त्या दिवसांत, ज्या दिवसांत आभाळ भरलेले असते आणि ओसरीवर दुपारीही संध्याकाळ वाटते. किती डोळे त्या पंधरवड्यांत खर्ची पडले, याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

आता भिंगाकडे वळू. प्रकाशाच्या वाटचालीचा पद्धतशीर अभ्यास अकराव्या शतकात इब्न अल्‌-हैथम या अरब पंडिताने केला. डोळ्यांवर लावावयाचा चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस, सुमारे १२८६ साली, इटलीत निघाला. तो प्रथम जवळचे पाहण्यासाठीच होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या देशात अकबराच्या काळी मीर सय्यद अली या चित्रकाराने आपले पिता मीर मुसव्विर यांचे चित्र काढले. त्यात ते वृद्ध चित्रकार चष्मा लावलेले दिसतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच दरबारी कारागिराच्या नाकावर चष्मा चढला होता. आमच्या घरात मात्र तो चढला नाही.

आपल्या भाषेत एक मोठा मार्मिक शब्द आहे: चाळिशी. वयाची चाळीस वर्षे हा त्याचा एक अर्थ, आणि जवळचे पाहण्याचा चष्मा हा दुसरा. डोळ्यातील नैसर्गिक भिंग चाळिशीच्या सुमारास ताठर होऊ लागते आणि जवळच्या वस्तूसाठी फुगेनासे होते. मग पोथी लांब धरावी लागते. हे प्रत्येकास होते. हा रोग नव्हे, अशक्तपणा नव्हे, कुणाची दृष्ट लागणे तर नव्हेच. भाषेस हे ठाऊक होते. पण आपल्या ओसरीवर ही गोष्ट पोहोचली नाही. वाचणाऱ्याने चष्मा लावला तर तो विद्वान दिसतो, आणि सुताराने लावला तर लोक म्हणतात, याचा हात गेला.

आमच्या वडिलांचे असेच झाले. नंदी कोरण्यात त्यांचा हात असा की, मोहल्ल्यातील लोक दोन महिने आधी सांगून ठेवीत. पन्नाशीच्या आत-बाहेर त्यांच्या हातून रेघ सुटू लागली. एका वर्षी एका नंदीचे शिंग तुटले, दुसऱ्याच्या झुलीची नक्षी वाकडी गेली. त्यांनी कोणास काही न सांगता बारीक पटाश्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवल्या, आणि तेव्हापासून चौकटी व फळ्या एवढेच काम केले. घरात कोणी विचारले तर म्हणत, हात गेला. पुढे सुमारे वीस वर्षांनी आम्हांस स्वतःला चाळिशी लागली. चष्मा आणला त्या संध्याकाळी थट्टेने तो त्यांच्या नाकावर ठेवला. ते बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, हे पहिलेच काहून नाही सांगतलं गा?"

आम्ही निरुत्तर झालो. वर्गात मुलांस बहिर्वक्र भिंग शिकविताना फळ्यावर आकृती काढणारे आम्ही. पण ती आकृती घरातल्या ओसरीवर न्यावी असे आम्हांस सुचले नाही. पुढच्या पोळ्यास त्यांनी नातवासाठी एक लहानसा नंदी कोरला. तो आजही आमच्या घरी आहे. हात गेला नव्हता. रेघ दिसत नव्हती, एवढेच. मधली वीस वर्षे मात्र परत आली नाहीत.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, समाजातील काही तरुण पुन्हा जाळीकामाकडे वळत आहेत. हे काम जुनेच. केसासारख्या बारीक पात्याने पातळ फळीतून वळणे कापण्याची कला युरोपात सोळाव्या शतकात पुढे आली, आणि फ्रान्समधील आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याने तिला राजदरबारी नेले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिसवी सामानावरील जाळीदार नक्षी विलायतेत वाखाणली गेली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, आणि आपल्या भागातील अनेक शाळांत सुतारकाम शिरले. आता विजेवर चालणारे स्क्रोल सॉ यंत्र आले आहे. पाते मिनिटास शेकडो वेळा वरखाली होते, लाकूड दोन्ही हातांनी फिरवावे लागते आणि नजर एका रेघेवर खिळवावी लागते. यंत्राने हाताचे श्रम कमी केले, डोळ्याचे वाढविले. म्हणून तरुणांसाठी आमच्या अल्प माहितीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, भिंग घेण्यापूर्वी डोळे तपासून चष्म्याचा नंबर घ्यावा. भिंग हे चष्म्याच्या जागी नव्हे, चष्म्यानंतर येते.

दुसरी, मोठे दिसते ते चांगले, असे समजू नये. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये सांगतात. त्या आकड्यास ४ ने भागून १ मिळविला की वस्तू किती पट दिसेल ते सामान्यतः कळते. ३ डायॉप्टरचे भिंग पावणेदोन पट दाखविते आणि त्याची नाभी सुमारे ३३ सेंटिमीटरवर असते. ५ डायॉप्टरचे सव्वादोन पट, नाभी २० सेंटिमीटर. ८ डायॉप्टरचे तिप्पट, पण नाभी केवळ साडेबारा सेंटिमीटर. साडेबारा सेंटिमीटरांत यंत्राची भुजा, पाते आणि दोन हात कसे मावणार? शिवाय शक्ती वाढली की दिसणारे क्षेत्र लहान होते, आणि रेघ पुढे कोठे वळणार हे कळत नाही. तेव्हा कापण्यासाठी ३ किंवा ५ डायॉप्टर पुरे. त्याहून मोठे भिंग तयार काम तपासण्यास ठेवावे.

तिसरी, उजेड. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच प्रकाश पोहोचतो. म्हणून वडीलधाऱ्यांस दिवा जास्त लागतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लहान दिवा कामाच्या निम्म्या अंतरावर आणला तर उजेड सुमारे चौपट होतो. तो डाव्या अंगाने, तिरपा आणि डोळ्यांच्या पातळीखाली असावा. खोलीतही सौम्य उजेड असावा. भोवती काळोख आणि मध्ये झगझगाट असला की डोळे लवकर शिणतात. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटपासून मात्र सावध राहावे. आपल्या विजेवर तिचा उजेड सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो, आणि त्यात धावते पाते काही वेगांवर थांबल्यासारखे भासते. थांबलेले पाते समजून बोट पुढे जाण्यास क्षण पुरतो. परीक्षा सोपी आहे: दिव्याखाली एक काडी वेगाने हलवावी. एका काडीच्या जागी अनेक काड्या दिसल्या, तर तो दिवा या कामास योग्य नाही.

चौथी, काम संपल्यावर भिंगावर फडके टाकावे. खिडकीतून ऊन येऊन भिंगावर पडले आणि खाली भुसा असला, तर तो पेट घेतो. आग लाकडाचे काय करते, हे नागपूरच्या सुतारास वेगळे सांगावयास नको.

आता शेवटची गोष्ट. २०२३ साली दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यात नागपूरचे सागवान वापरल्याचे वाचून आम्हांस आनंद झाला. त्याच वर्षी अयोध्येतील मंदिराच्या दारांसाठी आपल्या चांदा भागातले सागवान गेले. ती दारे कोरणारे हात मात्र तमिळनाडूतील कारागिरांचे होते. त्या कारागिरांविषयी आमच्या मनात आदरच आहे, कारण त्यांनी आपली विद्या मुलांच्या हाती दिली. आपले लाकूड तेथे पोहोचले; आपली पटाशी कोनाड्यात राहिली. याचे सर्व कारण डोळ्यांत नाही. गिरण्या आल्या, रेल्वे आली, नोकऱ्या आल्या आणि आमच्यासारखे मास्तर झाले. परंतु पन्नाशीचा जाणता कारागीर जेव्हा हात गेला म्हणून बाजूस बसतो, तेव्हा त्याच्यापाशी शिकण्यास आलेला विशीतला मुलगाही उठून जातो. पिढी अशीच तुटते.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे की, येत्या वार्षिक मेळाव्यात भाषणांचा एक तास कमी करावा आणि त्या वेळेत चाळीस वर्षांवरील सर्व समाजबांधवांची व भगिनींची नेत्रतपासणी करवावी. गरजूंस चष्मा द्यावा. ज्या घरात कोनाड्यात फडक्यात गुंडाळलेली पटाशी असेल, त्या घरच्या मुलांनी ती आजोबांच्या हाती द्यावी, शेजारी एक दिवा लावावा आणि त्यांना काही क्षण पाहू द्यावे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. लेखात काही न्यून राहिले असेल तर जाणत्यांनी पुरे करून घ्यावे.