विद्युत् बेंजो व ध्वनिपरिणाम-पेट्या

विद्युत् बेंजो व ध्वनिपरिणाम-पेट्या : मुंबई व ठाणे-रायगड परिसरातील मिरवणूक-संगीतात रूढ झालेला वाद्यमेळ व त्यातील ध्वनिसंस्करणाची पद्धती. भिवंडी, कल्याण, पनवेल या पट्ट्यात गणेशोत्सव, नवरात्र, हळद व वराती अशा प्रसंगी ‘बेंजो पार्टी’ वाजते. तीत बेंजो, कीबोर्ड व ऑक्टोपॅड ही विजेवर चालणारी वाद्ये ढोल-ताशांच्या जोडीने वाजविली जातात. मूळ गिटारसाठी तयार झालेल्या व व्यवहारात ‘पेडल’ किंवा ‘इफेक्ट’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लहान पेट्यांचा उपयोग या विद्युत् वाद्यांचा ध्वनी घडविण्यासाठी करता येतो.

वाद्याचा उगम : येथील बेंजो म्हणजे पाश्चात्त्य देशांतील कातडे मढविलेला बँजो नव्हे. जपानमधील नागोया येथील मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ नावाचे तंतुवाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा डाव्या हाताने दाबावयाच्या व उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या, अशी त्याची रचना आहे. भारतात आल्यावर हे वाद्य बुलबुलतरंग व पुढे बेंजो या नावांनी लोकप्रिय झाले. पेटी वाजविणाऱ्यास कळांची ओळख असल्याने ते लवकर साध्य होते. मात्र त्याच्या दोन मर्यादा आहेत. छेडलेला स्वर क्षणात विरतो, त्यामुळे स्वर टिकविण्यासाठी नखी सतत चालवावी लागते. तसेच त्याचा मूळ आवाज उघड्यावर ढोल-ताशांपुढे ऐकू येत नाही. तारांजवळ पिकअप बसवून तो विवर्धकाला जोडल्यावर दुसरी मर्यादा दूर झाली. पहिली दूर करण्यास प्रतिध्वनीची गरज होती.

ध्वनिपरिणाम-पेट्यांचा विकास : प्रारंभी प्रतिध्वनी चुंबकीय फितीच्या साहाय्याने निर्माण करीत. ही यंत्रे जड व महाग असत आणि त्यांतील फीत झिजत असे. १९६२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या मायस्ट्रो कंपनीच्या ‘फझ-टोन’ या पेटीने ध्वनीचे हेतुपुरस्सर विरूपण करून गिटारचा आवाज खरखरीत व भरीव केला. १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी संकेत एका धारित्राकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने पोहोचविणारे मंडल योजिले. त्यामुळे फितीविना विलंब निर्माण करता येऊ लागला व प्रतिध्वनीचे यंत्र पायाने दाबण्याच्या पेटीत मावले. जपानच्या बॉस या नाममुद्रेच्या आटोपशीर पेट्या १९७७ पासून प्रसृत झाल्या. पुढे अंकीय तंत्राने अनेक परिणाम एकाच पेटीत सामावले.

मुंबईतील पूर्वपीठिका : विद्युत् स्वरांची ओळख महाराष्ट्राला प्रथम चित्रपटसंगीताने करून दिली. नागिन (१९५४) या चित्रपटातील पुंगीचा आवाज कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन या विद्युत् वाद्यावर काढला होता. संगीतकार हेमंतकुमार होते. चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे चित्रपटसृष्टीतील गिटारवादक. त्यांनी रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही यंत्रे एकत्र योजून दहा रागांवर आधारलेली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये सादर केली. त्या काळी ती दुर्लक्षित राहिली. २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर तिची जगभर दखल घेतली गेली. यांपैकी टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटारवादकाला सरावासाठी खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविले होते. पुढे पाश्चात्त्य नृत्यसंगीतात त्याचा स्वर विरूपण-पेटीतून नेण्याची प्रथाच पडली. गिटारची पेटी व विद्युत् वाद्य यांचा संयोग त्यामुळे सर्वमान्य झाला. १९८० मध्ये कॅसिओचे कीबोर्ड व १९८५ मध्ये रोलँडचे ऑक्टोपॅड बाजारात आले. अशा सुटसुटीत वाद्यांमुळे ध्वनिमुद्रणगृहातील स्वर कालांतराने रस्त्यावरच्या पथकांच्या आवाक्यात आले.

जोडणीचे तत्त्व : गिटारच्या पिकअपमधून येणारा संकेत क्षीण असतो व पेटीचे आदान त्याच बेताने आखलेले असते. बेंजोचा पिकअपही याच प्रकारचा असल्याने तो पेटीला सरळ जोडता येतो. कीबोर्ड व ऑक्टोपॅड यांचा संकेत त्याहून बराच प्रबळ असतो. तो तसाच दिल्यास ध्वनी फाटतो, म्हणून वाद्याचा आवाज आधी उतरवावा लागतो. बहुतेक साध्या पेट्यांना एकच आदान असल्याने कीबोर्डच्या डाव्या-उजव्या ध्वनीतील भेद लोपतो. क्रमही महत्त्वाचा असतो : सामान्यतः विरूपण आधी व प्रतिध्वनी शेवटी ठेवतात. उलट केल्यास प्रतिध्वनींचेही विरूपण होऊन स्वर गढूळ होतात. विलंबाचा काळ ठेक्याच्या मात्रेशी जुळविला, तर परतणारा प्रत्येक स्वर तालातच पडतो. न जुळल्यास चाल डळमळते.

भिवंडी परिसरातील स्थान : भिवंडी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र असून तालुक्यातील गावांत आगरी समाजाची वस्ती मोठी आहे. हळदीच्या रात्री आगरी-कोळी गीतांच्या चाली बेंजोवर वाजविणे हा तेथील सोहळ्याचा भाग झाला आहे. विद्युत् जनित्र, विवर्धक व कर्णे गाडीवर ठेवून पथक चालत वाजविते. अनेक वादकांचे उत्पन्न सणांच्या व लग्नसराईच्या दिवसांवर अवलंबून असते. रवी जाधव दिग्दर्शित बँजो (२०१६) या हिंदी चित्रपटाने या कलावंतांचे जीवन पडद्यावर आणले.

ध्वनिमुद्रित गाणी वाजविणाऱ्या ‘डीजे’च्या प्रसारानंतर पथकांवर दोन्ही बाजूंनी ताण आला. डीजेच्या भिंतीपुढे ऐकू जाण्यासाठी आवाज चढवावा लागला, आणि चढलेला आवाज कायद्याच्या कक्षेत आला. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई असून, सणांसाठी ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे निर्बंध आवश्यक आहेत. वादकाच्या दृष्टीने मात्र नियमात जिवंत वादन व मुद्रित संगीत असा भेद नाही.

या पेचात ध्वनिपरिणाम-पेटीचे खरे महत्त्व दिसते. आवाजाची तीव्रता व त्याचा भरीवपणा या भिन्न गोष्टी आहेत. तीव्रता १० डेसिबलने वाढविण्यास दहापट शक्ती लागते. परंतु मापात ठेवलेला प्रतिध्वनी दोन स्वरांमधील पोकळी भरून काढतो आणि सौम्य विरूपण स्वरात उपस्वरांची भर घालते. परिणामी विरणारा बेंजोचा स्वर कर्णा न चढविताही मेळात उठून दिसू शकतो. मिरवणुकीचा उत्साह व रहिवाशांची शांतता यांचा मेळ घालण्यास एवढ्या एका साधनाने भागणार नाही. परंतु जिवंत वादन टिकवावयाचे, तर मोठ्या कर्ण्यापेक्षा वादकाच्या पायाशी असलेली ही लहान पेटी अधिक उपयोगी पडण्यासारखी आहे.