द्विदल राज्यपद्धती आणि मध्यप्रांतातील मंत्र्यांची उत्तरे

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. तुमसरहून निघालेला लोहमार्ग या खनिजासाठीच तेथवर गेला. ज्या काळाविषयी आम्हांस लिहावयाचे आहे, त्या काळी हा सारा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाने नागपुराहून चाले. राज्यघटनेच्या अभ्यासकाने तिरोडीसारखे एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवून 1919 च्या सुधारणांचा कायदा वाचावा, अशी आमची सूचना आहे. ग्रंथांतून अवघड वाटणारी द्विदल राज्यपद्धती मग सहज उलगडते.

तिरोडीच्या एखाद्या रहिवाशाने आपल्या जिल्ह्याच्या सभासदाकडे तक्रारी नेल्या असे समजू. दवाखाना नाही, ही तक्रार मंत्र्यांकडे जाई, कारण आरोग्य हे सोपीव खाते होते. रस्ता आणि दारूचे दुकान यांचेही तसेच. परंतु तलावाचे पाणी शेतात येत नाही, असे म्हटले की पाटबंधारे राखीव. जंगलचा शिपाई त्रास देतो म्हटले की जंगल राखीव. पोलीस आणि जमीनमहसूल हेही राखीव. यांची उत्तरे गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळाने द्यावयाची, आणि ते मंडळ सभागृहास जबाबदार नव्हते. रेल्वे व खाणींचे नियमन तर थेट हिंदुस्थान सरकारचे. शाळेचा प्रश्न मंत्र्यांचा खरा. पण 1920 च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने खेड्यांतील शाळांचा भार डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे होता. म्हणजे एका गावची गाऱ्हाणी, आणि ती ऐकणारे दरवाजे निदान चार!

नव्या कौन्सिलची पहिली निवडणूक 1920 च्या अखेरीस झाली. काँग्रेसने तीवर बहिष्कार घातला. त्याच डिसेंबरात खुद्द नागपुरास भरलेल्या अधिवेशनाने असहकारितेवर शिक्कामोर्तब केले. अशा वातावरणात शंकर माधव चिटणवीस व रावबहादुर ना. के. केळकर यांनी 1921 मध्ये मंत्रिपदे स्वीकारली. अध्यक्षस्थानी सर गंगाधरराव चिटणवीस होते, म्हणजे एक बंधू आसनावर आणि दुसरे उत्तरे देण्याच्या बाकावर. वऱ्हाडच्या सभासदांची स्थिती तर अधिकच विचित्र होती. वऱ्हाड कायद्याने निजामाचा मुलूख. म्हणून मतदारांनी निवडलेल्यांस पुन्हा गव्हर्नरांनी नेमावे, तेव्हा ते सभासद व्हावयाचे.

मंत्र्यांची खरी अडचण पैशाची होती. खाती सोपविली, तिजोरी मात्र राखीव राहिली. त्यातच मेस्टन समितीच्या योजनेप्रमाणे या प्रांताने हिंदुस्थान सरकारास दरसाल 22 लाख रुपये द्यावयाचे ठरले. 1920 च्या पावसाने दगा दिलेला, आणि दारूबंदीच्या चळवळीने अबकारीचे उत्पन्न खालावलेले. सभासद एका दमात शाळा मागत आणि दुसऱ्या दमात दारूची दुकाने बंद करा म्हणत. दोन्ही मागण्या न्याय्य होत्या. पण दुकानाच्या उत्पन्नाचा आधार सुटला तर शाळेचा खर्च कोठून काढावा, हा पेच मंत्र्यांपुढे उभा राही. 1920 च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने सक्तीचा मार्ग मोकळा केला होता. तो पैशाअभावी कागदावरच रेंगाळला, यात मंत्र्यांची अनास्था शोधणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्ष कौन्सिलात शिरला आणि सर्व प्रांतांत एकट्या मध्यप्रांतात त्यास निर्भेळ बहुमत मिळाले. डॉ. मुंजे यांच्यासारखे पुढारी बाकांवर आले. 1924 च्या आरंभी मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त झाला. मार्चमध्ये अंदाजपत्रकातील मागण्या फेटाळल्या गेल्या, आणि मंत्र्यांचे वेतन तेवढे मंजूर झाले, वर्षाला दोन रुपये! मंत्री पायउतार झाले व गव्हर्नर सर फ्रँक स्ले यांनी सोपीव खाती स्वतःकडे घेतली.

दोन रुपयांची ही कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. तिच्यातील उपहास मंत्र्यांपेक्षा पद्धतीवर होता, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. स्वराज्य पक्षाचे निदान अचूक होते, असे आमचे मत आहे: ज्याच्या हाती पैसा नाही त्याचे उत्तर हे उत्तर नव्हे. परंतु त्या उपायाची किंमतही पाहिली पाहिजे. खाती गव्हर्नरांकडे गेल्यावर दवाखान्याविषयी विचारणाऱ्या सभासदासमोर सभागृहास जबाबदार असा एकही माणूस उरला नाही. पूर्वी अपुरे का होईना, पण आपल्यातलाच एक जण उभा राहून बोले. स्वराज्य पक्षातही पुढे ही चलबिचल झालीच. 1925 च्या ऑक्टोबरात श्रीपाद बळवंत तांबे यांनी कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले आणि पक्षात फूट पडली.

1937 मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली. जुलैत डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा पाटबंधारे, जंगल, पोलीस आणि तिजोरीही त्याच बाकावर आली. रेल्वे तेवढी दिल्लीकडे राहिली. पुढे 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, आणि तुमसर मुंबई राज्यात व तिरोडी मध्यप्रदेशात गेले. तुमसरच्या तक्रारीचे उत्तर त्यानंतर मुंबईच्या सरकारने द्यावयाचे आणि त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाचे भोपाळच्या.