ढालपंखांची साक्ष : दक्षिण ट्रॅपमधील अश्मीभूत कीटक

महापे येथून शीळकडे जाणारा मार्ग पारसिकच्या डोंगररांगेतून जातो. ही रांग ज्या काळ्या पाषाणाची बनली आहे, तो दक्षिण ट्रॅपचाच एक भाग होय. ह्या विस्तीर्ण लाव्हाप्रवाहांचा मुख्य उद्रेककाल सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. तप्त लाव्हारसात कीटकाचा अवशेष टिकणे अशक्यच; तो शोधावयाचा तर दोन उद्रेकांमधील विरामकाळी तळ्यांत साचलेल्या गाळात, म्हणजे अंतरा-ट्रॅपी थरांतच शोधावा लागतो. मुंबईत वरळीच्या अशा थरांतील बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन ह्यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केले. कीटकांचा मान मात्र नागपूरकडे जातो.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांनी टाकळी परिसरातील थरांतून शिंपले, फळे, बिया व कीटकावशेष गोळा केले. ह्या कीटकांचे वर्णन अँड्र्यू मरे ह्यांनी १८६० मध्ये केले आणि लोमॅटस हिस्लोपाय व मेरिस्टोस हंटराय ह्या नावांत दोघा संग्राहकांची स्मृती जतन केली. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम काही महिने लोटले होते. मरे हे त्या मताचे विरोधक होते. अवशेषांना नावे मिळाली, परंतु ते आकार कसे घडले हा प्रश्न शिल्लकच राहिला.

हे अवशेष ढालपंखी कीटकांचे आहेत, आणि ते मुख्यतः त्यांच्या पुढील कठीण पंखांचे आहेत. ह्यात योगायोग नाही. जे कवच जिवंतपणी भक्षकाच्या दातांपासून उदराचे व उडण्याच्या नाजूक पंखांचे रक्षण करी, तेच मरणोत्तर कुजण्यापासून वाचले. ह्यावरून त्या काळी ढालपंखी कीटकांचेच प्राबल्य होते असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. रंग, दुर्गंध किंवा चपळाई ह्यांवर विसंबणारे मृदुकाय कीटक गाळात विरून गेले असतील. वरळीच्या बेडकांना नागपूरच्या भुंगेऱ्यांचे शत्रू ठरविणेही तितकेच धाडसाचे. स्थळ निराळे, थरही निराळे.

कवचाची उत्पत्ती ह्याहून फार प्राचीन आहे. उरल प्रदेशातील चेकार्डा येथे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन थरांत सापडलेल्या आद्य रूपांत पुढील पंख उदराच्या टोकापलीकडे जात व शरीरावर सैल बसत. पुढील युगांत ते आखूड होऊन उदराच्या कडांशी घट्ट जुळले. फट बुजली आणि शरीर एकसंध पेटीसारखे झाले. आच्छादनाचे कवचात झालेले हे रूपांतर टप्प्याटप्प्याने घडले.

म्हणून नागपूरचे अवशेष संरक्षक आकाराच्या उगमाचे नव्हेत, तर त्याच्या टिकाऊपणाचे साक्षीदार आहेत. लाव्हाप्रवाहांनी वेढलेल्या तळ्यांकाठीही ही जुनी रचना नांदत होती, एवढे ते निश्चितपणे सांगतात. सुट्या पंखावरून संपूर्ण देहाकृती रेखाटण्याचा मोह अभ्यासकाने आवरला, तर ही साक्ष अल्प असली तरी विश्वसनीय ठरते.