जॅझच्या उंबरठ्यावरचा वादक

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडविलेल्या जॅझ संगीताचा प्राण म्हणजे सवाल-जबाब. एकाने सूर टाकावा, दुसऱ्याने तो तत्क्षणी उचलून फुलवावा, ही त्याची रीत. सॅक्सोफोनवादक केनी जी यांना या घराण्यात स्थान आहे की नाही, हा वाद म्हणूनच केवळ नावाचा नाही.

केनेथ गोरेलिक ऊर्फ केनी जी यांचा जन्म १९५६ साली सिॲटल येथे झाला. सतराव्या वर्षी ते बॅरी व्हाइट यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. पुढे त्यांनी हिशेबशास्त्राची पदवी घेतली. खपाचे आकडे पाहता ती विद्या वाया गेली असे म्हणवत नाही! १९८७ मध्ये त्यांची ‘साँगबर्ड’ ही शब्दविरहित रचना अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचली. गाण्यांच्या गर्दीत नुसत्या वाद्याने ही जागा मिळविणे सोपे नव्हे. १९९२ च्या ‘ब्रेथलेस’ या ध्वनिमुद्रिकेच्या तर एकट्या अमेरिकेत सव्वा कोटीच्या आसपास प्रती खपल्या. १९९७ साली त्यांनी एकच सूर ४५ मिनिटे ४७ सेकंद धरून विक्रम केला. गालांतील हवेने सूर चालू ठेवायचा आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा, ही ती युक्ती. आपल्याकडील गारुडी पुंगीवर तेच करतो.

रसिकांचा रोष ओढवला तो १९९९ मध्ये. लुई आर्मस्ट्राँग हे जॅझचे आदिपुरुष. ते १९७१ सालीच निवर्तले होते. त्यांच्या जुन्या मुद्रणातील आवाजावर केनी जींनी आपला सॅक्सोफोन चढविला. पुढच्याच वर्षी गिटारवादक पॅट मेथेनी यांनी अत्यंत कठोर शब्दांत त्याचा निषेध केला. केनी जींची स्वरसामग्री तुटपुंजी आहे, हा त्यांचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. थोडक्या सुरांतही माधुर्य असू शकते. आर्मस्ट्राँगविषयीचा आक्षेप मात्र मोडून काढणे कठीण आहे. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याशी सवाल-जबाब कसला?

केनी जींची लोकप्रियता या वादाने ओसरली नाही. चीनमध्ये तर त्यांच्या ‘गोइंग होम’ या रचनेला भलतेच काम मिळाले. गेली अनेक वर्षे तेथील दुकाने आणि बाजारसंकुले बंद होण्याच्या सुमारास ती ध्वनिक्षेपकावर लावतात, आणि ती कानी पडताच माणसे आपल्या पिशव्या आवरून दाराकडे वळतात.