मापट्यापासून पाकिटापर्यंत : खान्देशच्या बाजारातील प्रमाणित आवेष्टनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वजनमापांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रामुख्याने तागडी आणि वजने यांवर स्थिरावते. तथापि विसाव्या शतकात माल गिऱ्हाइकासमोर मोजला जाण्याऐवजी कारखान्यातच मोजून बंद होऊ लागला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. वजन खरे आहे काय, या जुन्या शंकेच्या जोडीला माल कोणत्या आकाराच्या पुड्यात विकावा, हा नवा प्रश्न उभा राहिला. शासनाने त्याचे उत्तर १९७७ साली दिले आणि २०२२ साली मागे घेतले. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. प्रमाणित आकार हे मुख्यतः सामान्य ग्राहकाचे तुलनेचे साधन होते आणि ते काढून घेताना दिलेले पर्यायी साधन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मापे आणि त्यांची शीग

मराठी मुलखात धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत अधिक रूढ होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची पायली अशी ही चढती मांडणी होती. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट असल्याने अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भावाची तुलना तोंडी करता येई. मापाच्या काठावर उभी राहणारी शीग मात्र मापणाऱ्याच्या हाती असे. (पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याच्या प्रथेत शुभचिंतन आहे, तो लाभ कोणाचा, हे त्यात सांगितलेले नाही.) शिवाय शेराचे मान गावागणिक बदले. १९३२ च्या मुंबई वजन व मापे कायद्याने या वैविध्याला लगाम घालण्याचा प्रयत्न केला. ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर आणि सुमारे ३७.३ किलोचा मण ही माने दीर्घकाळ व्यवहारात राहिली. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती आली. जुन्या मानांची चिवटता पाहावयाची असेल तर कापसाकडे पाहावे. रुईचा भाव आजही खंडीवर सांगितला जातो आणि ती खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६ किलोची आहे.

डबाबंद मालाचा उदय

१९०६ साली खान्देशचे विभाजन होऊन पूर्व व पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांनाच जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. यांपैकी पूर्व खान्देशातील अमळनेर येथे २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. आज ‘विप्रो’ या नावाने ज्ञात असलेल्या उद्योगाचा आरंभ वनस्पती तुपापासून झाला, ही बाब स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शेंगदाण्याचे तेल घाण्यावरून भांड्यात घेता येत असे. वनस्पती तूप मात्र कारखान्यात भरलेल्या डब्यातून येई. गिऱ्हाइकाचा विश्वास आता दुकानदाराच्या हातावरून डब्यावरील मजकुराकडे वळला.

या मजकुराला कायद्याची चौकट मिळाली ती १९७६ च्या वजन व मापे मानके अधिनियमाने आणि त्याखालील १९७७ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी. निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व किंमत छापणे बंधनकारक झालेच. शिवाय ठराविक वस्तू ठराविक आकारांतच बांधाव्यात, असाही दंडक आला. २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनी तो पुढे चालविला. डाळी, पीठ, चहा, बिस्किटे, पाव, साबण, मीठ, खाद्यतेल व वनस्पती यांचा त्या अनुसूचीत समावेश होता. डाळींसाठी १००, २०० व ५०० ग्रॅम, १, २ व ५ किलो आणि पुढे पाचाच्या पटीत, अशी श्रेणी होती. डाळ गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावला ही श्रेणी परकी नव्हती. दुपटीच्या जुन्या मांडणीचे दशमानातील रूप म्हणूनच तिच्याकडे पाहता येईल. ‘हा प्रमाणित आकार नव्हे’ असे छापून वेगळा पुडा विकण्याची पळवाट होती. ती २०१२ मध्ये बुजविण्यात आली.

तथापि श्रेणी निश्चित झाली म्हणून संदिग्धता संपली नाही. तेल किलोने व लिटरने, दोन्ही प्रकारे विकले जाते. पंधरा लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल असते. शेजारच्या पंधरा किलोच्या डब्याशी त्याचा भाव ताडून पाहणारे गिऱ्हाईक सव्वा किलोहून अधिक तेलाला सहज मुकते.

अनुसूचीचा शेवट

नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने ही अनुसूची वगळली गेली आणि बदल पुढील वर्षी अमलात आला. उत्पादकांच्या बाजूने होणारा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. रोजंदारीवर जगणारा ग्राहक वजन पाहून नव्हे, तर पाच-दहा रुपयांचे नाणे पाहून खरेदी करतो. किंमत तीच ठेवायची तर महागाईत वजन कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. ‘चार आण्यांचे तेल द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक पूर्वीही होतेच. फरक इतकाच की, पळीने घातलेले तेल कमी झाले की ते बाटलीत दिसे. फुगविलेल्या पाकिटात तसे दिसत नाही.

आकाराच्या मर्यादेचा व्यापारावर कसा परिणाम होतो, याचे उदाहरण त्याच वर्षी मिळाले. १८ जुलै २०२२ पासून पूर्वआवेष्टित व लेबल लावलेल्या डाळी-धान्याच्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. लवकरच देशभरच्या बाजारांत २६ व ३० किलोच्या पिशव्या दिसू लागल्या.

अनुसूचीच्या बदल्यात ग्राहकाला मिळाली ती एकक विक्री किंमत. एक किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम व अधिक वजनाच्या पाकिटावर प्रतिकिलो छापावयाची असून दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करावयाची आहे. नियमातील हा शेवटचा तपशील किरकोळ भासतो. पण खरी गोम त्यातच आहे. तूरडाळीचे ५०० ग्रॅमचे एक पाकीट ६२ रुपयांना व दुसरे ५८ रुपयांना आहे, असे समजू. प्रतिग्रॅम दर अनुक्रमे ०.१२४ व ०.११६ रुपये होतो. पूर्णांकित केल्यावर दोन्ही पाकिटांवर ०.१२ हाच आकडा येतो. वजने समान आहेत तोवर छापील किंमत पाहून निभावते. पण पुडा ४७० ग्रॅमचा व दुसरा ५१० ग्रॅमचा झाला की ग्राहकापाशी या ०.१२ खेरीज दुसरा आधार उरत नाही. म्हणजे किलोमागे आठ रुपयांचा फरक छपाईतच नाहीसा होतो.

दोन किलोच्या पाकिटावर मात्र दर प्रतिकिलो छापला जात असल्याने १२४ व ११६ हे आकडे स्वच्छ वाचता येतात. अर्धा किलो डाळ घेणाऱ्यासाठी ते छापण्याचे बंधन नाही.