बोटीच्या पोटावरची रेघ

मुंबई बंदरात उभ्या असलेल्या कुठल्याही मालवाहू जहाजाच्या कुशीवर, लांबीच्या बरोबर मध्यावर, एक वर्तुळ आणि त्याला आडवी छेदणारी रेघ दिसते. वर्तुळाचा बाहेरचा व्यास 300 मिलिमीटर, रेघ 450 मिलिमीटर लांब. शेजारी आणखी काही आखूड रेघा आणि त्यांच्यापाशी अक्षरे: टीएफ, एफ, टी, एस, डब्ल्यू. नुसता रंग फासून चालत नाही. खूण पोलादावर कायमची उठवावी लागते. जहाज किती खोल बसले ते मोजायचे आणि ही खूण बुडालेली नाही ना ते पाहायचे, एवढेच तिचे काम. पण नेमकी कोणती रेघ बुडता कामा नये, हे जहाज कुठल्या समुद्रात आहे आणि तारीख कोणती आहे यावर ठरते.

जादा माल भरू नये म्हणून जहाजावर खूण करण्याची चाल जुनी. मध्ययुगीन व्हेनिसमध्येही ती होती. पण आजच्या रेघेचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधला. तिथे जुनाट जहाजे ठासून भरून समुद्रात लोटली जात. बुडाले तर मालकाला विमा मिळे, खलाशाच्या घरी काहीच येत नसे. अशा जहाजावर चढायला नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगात टाकले जाई. न्यूकॅसलच्या जेम्स हॉल या जहाजमालकाने यावर आधी आवाज उठवला. मग 1868 मध्ये डर्बीहून निवडून आलेला खासदार सॅम्युअल प्लिमसॉल याने तो विषय आपला केला. तो धंद्याने कोळशाचा व्यापारी. त्याच्या 1873 च्या ‘आवर सीमेन’ या पुस्तकाने देश हलला. 22 जुलै 1875 रोजी पंतप्रधान डिझरायलींनी जहाजसुरक्षेचे विधेयक बाजूला ठेवले, तेव्हा प्लिमसॉल भर सभागृहात संतापाने उसळला आणि जहाजमालक सदस्यांवर तुटून पडला. संसदीय शिष्टाचार त्याने मोडला खरा. पण त्या दिवशी शिष्टाचार पाळणे हे मला पाप वाटले असते.

1876 चा कायदा आला, रेघ सक्तीची झाली. मात्र ती कुठे काढायची हे मालकानेच ठरवायचे होते! कार्डिफच्या एका कप्तानाने ती चक्क धुरांड्यावर रंगवली, असे सांगतात. ज्याला बांधायचे त्याच्याच हाती दोरी, असा हा प्रकार. 1890 मध्ये रेघेची जागा ठरवण्याचा अधिकार मालकाकडून काढून घेतला गेला. माझ्या मते या कुळकथेतले सर्वांत मोठे वर्ष हेच. 1876 ला मिळाली ती खूण. मर्यादा म्हणावी अशी गोष्ट 1890 लाच जन्मली.

पण समुद्र सगळीकडे सारखा नसतो. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात जे ओझे जिवावर बेतेल, ते विषुववृत्ताच्या शांत पाण्यात निर्धोक असते. 1930 च्या लंडन करारात समुद्राचे पट्टे आखून जगाचा नकाशा सर्व देशांसाठी मान्य झाला, आणि 1966 च्या कराराने तो नव्याने बांधला. पट्टे आखायला निकष आहे तो वाऱ्याचा. ब्यूफोर्ट मापावर 8 किंवा त्याहून जोराचे वारे फार तर 1 टक्का वेळ वाहत असतील तर तो ‘ट्रॉपिकल’ पट्टा. शिवाय पाच अंशांच्या चौकोनात कुठल्याही एका महिन्यात दहा वर्षांतून एकाहून जास्त वादळ आलेले नसावे. असे वारे 10 टक्क्यांपर्यंत असतील तर ‘समर’. जहाजावरच्या टी आणि एस या रेघा या दोन पट्ट्यांच्याच.

समर रेघेपर्यंत जहाज जेवढे बुडते, त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकी ट्रॉपिकल रेघ वर असते. 12 मीटर बुडणाऱ्या जहाजासाठी हा फरक 25 सेंटिमीटरचा. ऐकायला किरकोळ, पण पनामा कालव्यातून जेमतेम जाणाऱ्या जुन्या मापाच्या जहाजावर तेवढ्यात दीड हजार टनांहून अधिक माल मावतो. म्हणून चीफ ऑफिसर निघण्याआधीच पुढचा सगळा मार्ग मांडून बसतो. जानेवारीत मुंबईहून ट्रॉपिकल रेघेपर्यंत भरून निघालेल्या जहाजाला भूमध्य समुद्रात शिरताना समर रेघ पाण्याबाहेर दाखवावी लागते. वाटेत जळणारे इंधन आधीच हिशेबात धरावे लागते. आता जहाजाच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारे सेन्सर असतात आणि संगणक क्षणोक्षणी खोली दाखवतो. तो आकडा सुरक्षित की धोक्याचा, हे मात्र अजूनही नकाशा आणि पंचांग पाहूनच कळते.

आपला अरबी समुद्र या नकाशात ऋतूनुसार बदलतो. 24 अक्षांशाच्या दक्षिणेला, म्हणजे मुंबई-कोकणासमोर, 21 मे ते 14 सप्टेंबर समर रेघ लागू. तो आपला पावसाळा. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर ट्रॉपिकल. पुढे 16 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर पुन्हा समर, कारण मान्सून परतला की वादळांचा दुसरा हंगाम येतो. 1 डिसेंबर ते 20 मे पुन्हा ट्रॉपिकल.

2021 साली तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले ते 17 मे रोजी, म्हणजे जहाजांना जास्त खोल भरायची मुभा असलेल्या दिवसांत. एका वादळावरून नियम बदलू नये, हे मान्य. पण अरबी समुद्रातली वादळे अलीकडे वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. दक्षिण आफ्रिकेजवळची पट्ट्याची हद्द याच शतकात सरकवली गेली आहे, तेव्हा नकाशा बदलता येतो. मे महिन्याच्या या तारखा नव्या नोंदींवर पुन्हा तपासाव्यात, ही मागणी भारताने पुढे न्यायला हवी.