पूरग्रस्त आणि पदपथवासी

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि त्याच दिवशी मुठेचे पाणी शनिवार, नारायण, कसबा, मंगळवार, सोमवार अशा पेठांत शिरले. सकाळी ज्यांचे वाडे उभे होते ती मंडळी रात्री शाळांच्या वर्गांत सतरंजीवर निजली. श्रोत्यांतील वडीलधाऱ्यांना हे सांगावयास नको. आम्हांस येथे पुराचे वर्णन करावयाचे नाही. पुरानंतर शासनाने काय केले, तेवढेच पाहावयाचे आहे.

पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त राहिलेले स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाचे काम सोपविण्यात आले. गोखलेनगरात अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हट उभ्या राहिल्या. पुढे लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या, पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांना जमिनी मिळाल्या. या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ रेंगाळला, हे खरे. पण घर गेलेल्या माणसास 'तू येथे का निजतोस?' असे त्या दिवसांत कोणी विचारले नाही. त्याला 'पूरग्रस्त' हे नाव होते, आणि त्या नावावर शिधा, पत्रा व जमीन मिळत होती.

अशी नावे त्यापूर्वीही दिली गेली होती. १९४७ च्या फाळणीनंतर केंद्र सरकारने निर्वासितांसाठी स्वतंत्र पुनर्वसन खातेच काढले. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर झाले, आपल्या शेजारी पिंपरीस सिंधी बांधवांची वसाहत उभी राहिली. गरीब राष्ट्राने लाखो बेघरांची सोय लावली, ती पैसा फार होता म्हणून नव्हे. या माणसांचे घर जाण्यात त्यांचा दोष नाही, हे सर्वांस मान्य होते.

ज्याचे घर एका दिवसात न जाता दुष्काळाने, कर्जाने, आजाराने, घरच्या मारहाणीने थोडेथोडे करून गेले, त्याला मात्र असे नाव कोणी दिले नाही. त्याच्यासाठी दुसरेच नाव तयार होते. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. त्यात हात पसरणारा तर भिकारी ठरलाच, पण निर्वाहाचे साधन दिसत नसता सार्वजनिक जागी भटकणाराही भिकारीच ठरला. पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची त्यात सोय होती. ज्या पुण्यात माधुकरी मागून, वार लावून जेवणारा, देवळाच्या ओवरीत निजणारा विद्यार्थी पुढे विद्वान म्हणून मिरवला, त्याच मुलखात हा कायदा झाला, याचे आम्हांस नवल वाटते. दिल्लीनेही तो उचलला. तेथील उच्च न्यायालयाने त्यातील बहुतेक कलमे २०१८ साली दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तसे घडले नाही.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरील लोकांस हुसकून त्यांच्या गावी धाडण्याचे जाहीर केले. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. सेलमहून आलेल्या एका कामगारास बायकोमुलींसह बसमध्ये घालून सेलमला पोहोचविले. मुलीबाळी तेथे ठेवून तो कामासाठी मुंबईस परत आला. गावी काम असते तर तो मुळात आलाच नसता, एवढी साधी गोष्ट त्या फर्मानात नव्हती. ओल्गा टेलिस या पत्रकर्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या पुण्याचेच. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि पदपथावरचा माणूस कामाच्या जवळ राहावे म्हणून तेथे राहतो, हे त्यांनी मान्य केले. पण पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही; रीतसर सूचना देऊन, पावसाळा सरल्यावर उठवावे, असे ठरले. तत्त्व पदपथवासीयांच्या पदरात पडले, जागा पडली नाही. तरीही तो निकाल लहान नव्हता. गुन्हेगार म्हणून पाहिल्या जाणाऱ्या माणसाचे म्हणणे प्रथमच देशाच्या पातळीवर ऐकले गेले.

निवाऱ्याचे राष्ट्रीय प्रमाण ठरावयास आणखी पंचवीस वर्षे गेली. दिल्लीच्या थंडीत एक निवारा पाडला गेला, त्यावरून २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, आणि शहरात दर एक लाख वस्तीमागे एक निवारा असावा, हे प्रमाण रूढ झाले. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली: माणशी पन्नास चौरस फूट जागा, स्वयंपाकाची सोय, बारा महिने खुले. कागदावर उत्तम. पण पुष्कळ राज्यांनी मिळालेला पैसाही खर्च केला नाही, म्हणून २०१६ साली न्यायालयास चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पुराच्या वेळी आठवड्यांत हलणारी यंत्रणा येथे वर्षानुवर्षे हलली नाही. अडचण पत्र्याची वा जमिनीची असती, तर १९६१ साली ती अधिक असावयास हवी होती.

आणखी एक गोष्ट मोजदादीची. शिरगणतीत छपराविना राहणाऱ्यांना एकाच रात्री, २८ फेब्रुवारीस, गणतात. गणकांनी पुलांखाली, फलाटांवर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, देवळांच्या आवारांत हिंडावयाचे असते. २००१ साली अशी माणसे एकोणीस लाखांवर भरली, २०११ साली सुमारे पावणेअठरा लाख. आकडा उतरला म्हणून समाधान मानणाऱ्यांनी आतला तपशील पाहावा: खेड्यांतील बेघर घटले, शहरांतील मात्र पावणेआठ लाखांवरून नऊ लाखांच्या पुढे गेले. ज्याचा पत्ता नाही त्यास एका रात्रीत हुडकणे किती अवघड, आणि पोलिसांच्या भयाने अंधारात सरकलेली किती माणसे सुटली असतील, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा. २०२१ ची शिरगणती झालीच नाही. सरकारने पुढील गणतीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला. त्याच्या आदली रात्र २८ फेब्रुवारीची.